नाव सिकंदराचे, नाणे कोणाचे? ग्रीक शहरांची नाणी ओळखताना आणि विकत घेताना

नाणेसंग्रहाचा छंद मोगल, मराठेशाही आणि कंपनी सरकार ओलांडून ग्रीक नाण्यांपर्यंत पोहोचला की वाचक एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात. विक्रेत्याच्या यादीत ‘सिकंदराचे चांदीचे नाणे’ असे ठळक लिहिलेले असते. नाण्यावर सिकंदराचे नावही स्वच्छ वाचता येते. पण जाणकाराला दाखवले की तो सांगतो, हे सिकंदर गेल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी तेम्नोस नावाच्या एका लहान शहराने पाडले आहे. मग नाणे खोटे का? विक्रेत्याने फसवले का?

बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनमध्ये वारला. त्यानंतर ग्रीसपासून सिंधूपर्यंतचा मुलूख त्याच्या सरदारांनी वाटून घेतला. त्यांच्या घराण्यांच्या छायेत शेकडो ग्रीक शहरे नांदत होती. प्रत्येक शहराची आपली सभा होती, आपली देवता होती आणि बऱ्याच शहरांची आपली टाकसाळही होती. राजाची सत्ता आणि शहराचा अभिमान यांची तडजोड त्या काळच्या नाण्यांवर अक्षरशः ठोकलेली आहे. म्हणून नाण्यावर नाव किंवा चेहरा कोणाचा, यावरून ते कोणी पाडले हे ठरत नाही. ते बहुधा बाजूच्या मोकळ्या जागेतल्या लहानशा खुणेवरून ठरते, आणि घाईत नजर नेमकी तिच्यावरूनच घसरते.

आधी नाण्याचा प्रकार ओळखा

नाणे समोर आले की पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ते खालीलपैकी कोणत्या गटात बसते, ते आधी पाहा.

- राजाचे नाव, राजाची टाकसाळ. शहराची खूण असलीच तर ती केवळ टाकसाळीची ओळख असते.
- मृत राजाचे नाव, शहराची टाकसाळ. सिकंदर आणि त्याचा सरदार लिसिमाकस यांच्या नावाची पुष्कळ नाणी अशी आहेत.
- पुढे राजाचा चेहरा, मागे शहराचे नाव. सीरियाच्या सेल्युकिड घराण्यातला राजा चौथा अँटिओकस याच्या काळातली तांब्या-काशाची नाणी या गटातली.
- राजाचे नाव नाही, चेहरा नाही, पण व्यवस्था राजाची. पर्गमॉनच्या राज्यातले ‘किस्तोफोरस’ हे त्याचे ठळक उदाहरण.
- निखळ शहराचे नाणे. देवता, चिन्ह आणि नाव, सगळे शहराचेच.

यादीत सगळे सुटसुटीत दिसते, हातातल्या नाण्यावर तसे नसते. वाचकांचा सर्वाधिक गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात होतो, म्हणून त्या दोन्हींवर इथे जास्त वेळ देणे योग्य ठरेल.

सिकंदराच्या नावाचे नाणे: नजर कुठे टाकावी

हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. पुढच्या बाजूला सिंहाचे कातडे डोक्यावर ओढलेला हेरॅक्लीस असतो. त्याला सिकंदराचा चेहरा म्हणून विकण्याची पद्धत आहे, तिच्यावर भिस्त ठेवू नका. मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेला झ्यूस, त्याच्या पुढे केलेल्या हातावर गरुड, दुसऱ्या हातात राजदंड. उजवीकडे वरून खाली नाव: ‘अलेक्झांड्रू’, म्हणजे ‘अलेक्झांडरचे’.

आता झ्यूसच्या पायांपुढची जागा भिंगाखाली घ्या, आणि सिंहासनाखालचीही. तिथे पुढीलपैकी काही दिसते का?

- सुरई आणि तिच्यावर द्राक्षवेल: तेम्नोस
- गुलाब आणि ‘ऱ्हो-ओमिक्रॉन’ ही दोन अक्षरे: ऱ्होड्स
- मधमाशी: एफेसस
- मागे वळून ताऱ्याकडे पाहणारा सिंह: मिलेटस
- स्फिंक्स, म्हणजे पंख असलेली सिंहदेही स्त्री: किऑस
- ताडासारखे झाड: फिनिशियातले अराडोस

तेम्नोसचे नाणे हातात घेतले तर फरक लगेच कळतो. सिकंदराच्या हयातीतले चार द्राख्मांचे नाणे जाड आणि आटोपशीर असते. दुसऱ्या शतकात शहरांनी पाडलेली नाणी मात्र पातळ आणि पसरट असतात. हेरॅक्लीसचा चेहरा मोठा आणि भरलेला दिसतो, भोवती चांदीची मोकळी कडा राहते. वजन मात्र साधारण तेच, कारण अथेन्सचे माप सगळीकडे चालत होते: चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७ ग्रॅम, एका द्राख्माचे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. झीज धरून थोडे कमी भरले तर चालते. १४ ग्रॅम भरले तर थांबा आणि पुन्हा पाहा.

शहरांनी दुसऱ्याच्या नावाने चांदी का पाडावी? कारण ते नाव सर्वदूर चालत होते. ऱ्होड्स कोणत्याही राजाचे मांडलिक नव्हते. त्याचे आपले सूर्यदेवाचे आणि गुलाबाचे नाणे होते, पण ते हलक्या मापाचे. परमुलखात भाडोत्री सैनिकांचा पगार भागवायचा किंवा मोठा व्यवहार करायचा, तर समोरच्याने न कुरकुरता घ्यावे असे नाणे हवे. सिकंदराचे नाणे तसे होते. म्हणून नाण्यावर राजाचे नाव आहे एवढ्यावरून शहर त्या राजाच्या ताब्यात होते असा निष्कर्ष काढू नका. नवे संग्राहक इथेच सर्वाधिक चुकतात.

लिसिमाकसच्या नाण्याचेही तसेच आहे. पुढे शिंग धारण केलेला, देवत्वाला पोहोचलेला सिकंदर, मागे बसलेली अथीना आणि ‘राजा लिसिमाकसचे’ हा लेख. लिसिमाकस इ.स.पू. २८१ मध्ये कोरुपेडिऑनच्या लढाईत पडला. बायझँटिऑन शहर, म्हणजे आजचे इस्तंबूल, मात्र ही नाणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाडत राहिले. अथीनेच्या आसनाखालच्या पट्टीत आडवा त्रिशूळ दिसला की ते बायझँटिऑनचे समजा.

आकडा दिसला म्हणून लगेच साल काढू नका

ग्रीक अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत. पहिली नऊ अक्षरे एककांची, पुढची दशकांची, त्यापुढची शतकांची. डेल्टा म्हणजे ४, म्यू म्हणजे ४०, ऱ्हो म्हणजे १००. अक्षरे कोणत्याही क्रमाने असली तरी बेरीज करायची. डेल्टा-म्यू-ऱ्हो म्हणजे १४४.

हे १४४ कशाचे? सीरियातल्या नाण्यावर ते सेल्युकिड कालगणनेचे वर्ष असते. तिची सुरुवात इ.स.पू. ३१२ च्या शरद ऋतूत होते. ३१३ मधून नाण्यावरचे वर्ष वजा केले की ते वर्ष कधी सुरू झाले ते मिळते. ३१३ वजा १४४ बरोबर १६९. म्हणजे इ.स.पू. १६९ च्या शरदापासून १६८ च्या शरदापर्यंतचे वर्ष.

पण हेच सूत्र दक्षिण तुर्कस्तानातल्या आस्पेंडोसच्या नाण्याला लावले तर भलतेच उत्तर येईल. आस्पेंडोस, पेर्गे आणि फासेलिस या पॅम्फिलिया-लिकियाच्या किनाऱ्यावरच्या शहरांनी सिकंदराच्या नावाची चांदी पाडली आणि तिच्यावर आपापली स्थानिक वर्षे घातली. ती लहान आकड्यांची आहेत, १ पासून पुढे. शहर ठरल्याशिवाय वर्ष काढायचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळा.

याच शहरांच्या काही नाण्यांवर आणखी एक बारीक ठसा सापडतो: नंतर ठोकलेला छोटा नांगर. नांगर हे सेल्युकिड घराण्याचे चिन्ह. ही चांदी सीरियात गेली आणि तिथे तिला दुसऱ्यांदा ठसा मिळाला. एका नाण्यावर मेलेल्या राजाचे नाव, जिवंत शहराची खूण आणि तिसऱ्याच सत्तेची मान्यता! असा नांगर दिसला तर त्याला खराबी समजून सौदा सोडू नका. तो त्या नाण्याच्या प्रवासाचा पुरावा आहे.

राजा पुढे, शहर मागे

चौथा अँटिओकस इ.स.पू. १७५ ते १६४ या काळात सीरियाचा राजा होता. इ.स.पू. १६९/१६८ च्या सुमारास त्याच्या राज्यातल्या दीड डझनाहून अधिक शहरांनी तांब्या-काशाची नवीच नाणी काढली. पुढच्या बाजूला राजाचे मस्तक, पुष्कळदा किरणांचा मुकुट घातलेले. मागच्या बाजूला शहराचे नाव. चांदी मात्र राजाच्या नावानेच राहिली.

ही नाणी वाचण्याची एक सोपी किल्ली आहे. ग्रीक लेखात राजाचे नाव ‘चा’ या अर्थाने येते: ‘बासिलेओस अँटिओखू’, राजा अँटिओकसचे. शहराचे नाव बहुधा नागरिकांच्या अनेकवचनात येते आणि त्याचा शेवट ‘ओन’ असा होतो: ‘तिरिओन’, टायरवासीयांचे, ‘सिडोनिओन’, सिडॉनवासीयांचे. ओमेगा आणि न्यू ही दोन अक्षरे शेवटी दिसली की शहर बोलते आहे असे समजा.

एक नाणे नीट पाहू. पुढे किरणांचा मुकुट घातलेला राजा. मागे उभा झ्यूस, हातात हार. लेख: ‘अँटिओखेओन तोन प्रोस दाफ्नी’. घाईत वाचणारा ‘अँटिओकस’ एवढेच पाहतो आणि राजाचे नाणे म्हणून डबीत टाकतो. लेखात राजाचे नावच नाही. तो म्हणतो, दाफ्नीजवळच्या अँटिओकवासीयांचे. दाफ्नी हे राजधानी अँटिओकच्या शेजारचे अपोलोचे पवित्र वन.

‘दाफ्नीजवळचे’ हे शब्द का हवेत? कारण त्या वेळी अँटिओक नावाची अनेक शहरे होती आणि त्यांतली कितीतरी याच धर्तीची नाणी पाडत होती. ‘काल्लिरोई झऱ्याकाठचे’ अँटिओकवासी म्हणजे एडेसा, आजचे शानलिउर्फा. ‘मिग्दोनियातले’ म्हणजे निसिबिस, आजचे नुसायबिन. ‘सारोस नदीकाठचे’ म्हणजे अदाना. ‘टॉलेमाइसमधले’ म्हणजे आजचे अक्को. लेखाचा दुसरा अर्धा भाग झिजलेला असेल तर केवळ ‘अँटिओक’ या शब्दावर जास्त किंमत देऊ नका. निर्णय त्या दुसऱ्या अर्ध्यावर आहे.

टायर आणि सिडॉन यांची नाणी तर शेजाऱ्यांचे भांडणच आहेत. दोन्ही शहरांनी ग्रीक लेखाबरोबर आपल्या फिनिशियन लिपीतही मजकूर घातला. टायर स्वतःला सिडॉनवासीयांची माता म्हणवते. सिडॉनने आपल्या लेकींची यादी दिली आहे आणि तिच्यात टायरचेही नाव आहे! राजाच्या चेहऱ्यामागे, दोन सेंटिमीटरच्या जागेत, थोरली कोण याचा हा वाद चालला होता. अशी दोन नाणी शेजारी ठेवता आली तर संग्रहाला अर्थ येतो, मग ती कितीही झिजलेली असोत.

शहरांना एवढा सोस कशाचा होता, हे सेस्टोस शहराच्या एका शिलालेखात थेट सांगितले आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात कोरलेल्या या लेखात मेनास नावाच्या नागरिकाचा गौरव आहे. शहराने आपले तांब्या-काशाचे नाणे काढायचे ठरवले, त्याची दोन कारणे तिथे दिली आहेत: शहराचे चिन्ह चलनात राहावे आणि नाण्यातून होणारे उत्पन्न लोकांच्या हाती यावे. निर्णय घेताना याहून अधिक सिद्धांत लागत नाही. शहराचे नाणे म्हणजे मान आणि मिळकत, दोन्ही.

खूण शहराची, नाणे मात्र राजाचे

उलटा खड्डाही तितकाच खोल आहे. टॉलेमी राजांनी इजिप्तमध्ये बाहेरचे चलन बंद ठेवले होते. इ.स.पू. २५८ च्या एका पपायरसवरच्या पत्रात टाकसाळीचा अधिकारी देमेत्रिओस, बाहेरून व्यापाऱ्यांनी आणलेले सोने नव्याने पाडण्याबद्दल लिहितो. त्या राजांच्या टायरच्या टाकसाळीतल्या नाण्यावर गदा असते, सिडॉनच्या नाण्यावर ‘सिग्मा-आयोटा’. ही टाकसाळीची ओळख आहे. नाणे, माप आणि नाव, सगळे राजाचे. विक्रेत्याने अशा नाण्याला ‘टायरचे स्वतंत्र नाणे’ म्हटले तर ते चूक आहे.

टायरची चांदी सलग लावली की हा फरक डोळ्यांना दिसतो. सेल्युकिड राजांच्या काळात पुढे राजाचा चेहरा, मागे गरुड आणि बाजूला गदा, वजन सुमारे १४ ग्रॅम. इ.स.पू. १२६/१२५ मध्ये टायर स्वायत्त झाले. गरुड तसाच राहिला, गदा तशीच, मापही तेच. बदलला तो पुढचा चेहरा: राजाच्या जागी शहराचा देव मेलकार्ट आला आणि लेखात ‘पवित्र आणि अभय टायर’ आले. हेच ते टायरचे शेकेल. जेरुसलेमच्या मंदिराचा कर त्यात भरला जाई, म्हणून त्याला आजही प्रचंड मागणी आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही उदंड आहेत.

किस्तोफोरस: वजनाने गोंधळू नका

पर्गमॉनच्या राजांनी दुसऱ्या शतकात एक वेगळे चांदीचे नाणे काढले. एका बाजूला वेलीच्या हारात पवित्र पेटी आणि तिच्यातून निघणारा साप. दुसऱ्या बाजूला दोन सापांमध्ये धनुष्याचा भाता. राजाचा पत्ता नाही. बाजूला शहराची खूण: एफेसस, पर्गमॉन, ट्रॅलेस, अपामेया. वजन सुमारे साडेबारा ग्रॅम, म्हणजे अथेन्सच्या मापाने तीन द्राख्म. राज्याच्या हद्दीत मात्र ते चार द्राख्मांचे म्हणून चालत असे. हलके आहे म्हणून ते खोटे ठरवू नका आणि शहराची अक्षरे आहेत म्हणून शहराचे स्वतंत्र नाणे असेही लिहू नका.

हिंदी-ग्रीक नाण्यांना हे नियम जसेच्या तसे लावू नका

भारतीय वाचकांच्या हाती सहज येणारी ग्रीक नाणी म्हणजे मिनँडर आणि अपोलोडोटस या हिंदी-ग्रीक राजांची. त्यांचे द्राख्म भडोचच्या बंदरात फार नंतरही चालत होते, असे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेले आहे. या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लेख असतो. त्यांच्यावरची अक्षरांची गुंफण पाहून ‘हे अमुक शहराचे’ असे ठामपणे सांगणाऱ्या विक्रेत्याला पुरावा विचारा. शहराचे नाव खरोखर आहे असे उदाहरण म्हणजे युक्रेटायडीसचे एक तांब्याचे नाणे. त्याच्यावर खरोष्ठीत कापिशी नगरीची ‘नगरदेवता’ असा उल्लेख येतो. मराठी माणसाला तो शब्द समजवावा लागत नाही.

पैसे देण्याआधी

घाई करायला लावणारा विक्रेता टाळा. चांगले नाणे पुन्हा येते. पुढच्या गोष्टी मात्र प्रत्येक वेळी करा.

- दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट छायाचित्र मागा. कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे, साबणासारखी बोथट अक्षरे ही ओतीव नकलेची लक्षणे आहेत. खरे नाणे ठशाने पाडलेले असते.
- वजन दशांश ग्रॅमपर्यंत लिहून घ्या. नाणे मिळाल्यावर सोनाराच्या काट्यावर स्वतः तपासा.
- चांदीच्या पत्र्याखाली तांबे असलेली नाणी प्राचीन काळीही होत. ती संग्रहयोग्य आहेत, पण चांदीच्या भावाने नव्हे.
- नोंद जुळवून पाहा. सिकंदराच्या नावाच्या नाण्यांसाठी मार्टिन प्राइस यांची १९९१ ची सूची प्रमाण मानली जाते. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘पेला’ आणि ‘सेल्युकिड कॉइन्स ऑनलाइन’ ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. एकाच ठशाची, अगदी एकाच जागी ओरखडा असलेली दोन नाणी दिसली तर खरेदी थांबवा.
- पावतीवर ‘सिकंदराचे नाणे’ एवढेच नको. ‘सिकंदराच्या नावाने, तेम्नोस टाकसाळ, इ.स.पू. दुसरे शतक, अस्सलपणाची हमी’ असे लिहून घ्या.

नक्कल करणारे फार जुने आणि फार कुशल आहेत. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कार्ल विल्हेल्म बेकरने ठसे स्वतः कोरून ग्रीक नाणी पाडली. लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून तो ती घोडागाडीतून खडखडत नेई, म्हणजे ती वापरलेली दिसावीत. ठशाने पाडलेली नक्कल भिंगाने सहसा सापडत नाही. तिथे विक्रेत्याची लेखी हमी हाच आधार उरतो.

आणि घासू नका. चांदीची काळपट झाक ही किंमत आहे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवा, भुकटीसारखा गंज आला तर ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे, कोरडे ठेवा आणि जाणकाराकडे न्या. चिंच, लिंबू, पितांबरी यांना दूर ठेवा.

कायदा काय म्हणतो, तुमचे हक्क काय

पुरावशेष आणि बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने कोणतेही नाणे पुरावशेष ठरते. ते कोणत्या देशात पाडले, हे त्या व्याख्येत विचारलेले नाही. याचे परिणाम ध्यानात घ्या.

खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. तो हक्क केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेपुरता आहे. मुलांकडे अमेरिकेला जाताना जुना संग्रह सामानात टाकून नेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही साधा असो. परदेशातून मागवलेले नाणे पसंत पडले नाही म्हणून परत पाठवणेही याच कारणाने अवघड होते. म्हणून परदेशी लिलावात बोली लावण्याआधीच सगळ्या शंका फेडून घ्या. नाणे येताना सीमाशुल्क खात्याकडे खरी माहिती द्या आणि ती कागदपत्रे नाण्याबरोबर जन्मभर ठेवा.

देशात पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तो दाखवा असे म्हणणे हा उद्धटपणा नाही.

दिलेले वर्णन खोटे निघाले तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता किंवा काम करता त्या ठिकाणच्या आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची आहे. पावती आणि लेखी वर्णन नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

परदेशी राहणाऱ्यांनी तिथला कायदा वेगळा पाहावा. तुर्कस्तानात जमिनीत सापडलेली प्राचीन नाणी सरकारी मालमत्ता आहेत. एफेससच्या अवशेषांबाहेर कोणी मुठीतून नाणे पुढे केले तर ते एक तर नक्कल असते किंवा विमानतळावर अटक होण्याचे कारण. अमेरिकेत ग्रीस, सायप्रस, बल्गेरिया, तुर्कस्तान यांच्याशी झालेल्या करारांनुसार ठरावीक प्रकारच्या नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत.

नाणे कुठून आले, हे विचारा

हा प्रश्न कायद्यापुरता नाही. सीरियातले अपामेया हे चौथ्या अँटिओकसच्या काळात आपल्या नावाचे नाणे पाडणारे शहर. २०११ आणि २०१२ मध्ये घेतलेली त्याची उपग्रहचित्रे शेजारी ठेवली तर सपाट जमिनीच्या जागी चोरट्या खणत्यांची चाळण दिसते. त्या खड्ड्यांतून निघालेले नाणे कोणत्या थरात, कोणत्या नाण्यांबरोबर, कोणत्या घरात होते, ही माहिती कायमची गेली. शहराची टाकसाळ कधी सुरू झाली, राजाची परवानगी कधी मिळाली, हे प्रश्न अशाच माहितीने सुटतात. जुन्या संग्रहातून, जुन्या लिलावातून आलेले, कागद असलेले नाणे थोडे महाग पडले तरी तेच घ्या. ‘नुकतेच आले आहे, कागद नाहीत’ असे म्हणणाऱ्याला नकार द्या.

आपल्या शेतात, घराच्या पायात नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे जे काही सापडेल ते जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले तर हक्क मिळतात: निधीचा मूळ मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी दुसरा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने तो निधी स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश अधिक द्यावी लागते.

शंका उरली तर नाशिकजवळ, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथे नाण्यांचे दालन आहे, ग्रंथालय आहे. जाण्याआधी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास आणि वाचता आलेली अक्षरे एका कागदावर लिहून घ्या, आणि झ्यूसच्या पायांपुढची ती खूण त्यात विसरू नका.